हळदीकुंकवाचा मफलर

मी मफलर बोलतोय. लोकरीचा, चार हात लांब आणि हो, जरासा टोचणारा. स्वस्थ पडून राहणं माझ्या स्वभावातच नाही. माझा जन्मच असा धाकधुकीत झाला, त्याला मी तरी काय करू!

वसुधाआजी सांगलीहून तीन महिन्यांसाठी कोलोनला आपल्या मुलाकडे, जयंतकडे आल्या होत्या. नात ओवी बारा वर्षांची, आइस हॉकीची वेडी. आजी मराठीत विचारायच्या, ओवी जर्मनमध्ये उत्तर द्यायची आणि मध्ये जयंत दुभाष्या. "पोर माझ्याशी एक वाक्य बोलत नाही रे," म्हणून आजींचा जीव तुटायचा.

जानेवारीत कोलोन विरुद्ध ड्युसेलडॉर्फ असा सामना होता, तोही फुटबॉलच्या उघड्या मैदानात बर्फ तयार करून. आजींनी ओवीच्या लाडक्या कोलोनच्या टीमचे रंग विचारले. जयंत म्हणाला, "लाल-पांढरा." आजींनी सुया घेतल्या. लाल पट्टा झाला, पांढरी लोकर हातात घेतली आणि त्या थबकल्या. "छे! त्यापेक्षा हळदीकुंकू कसं प्रसन्न दिसतं." झालं! माझ्या अंगावर पिवळे पट्टे चढले.

सामन्याच्या दिवशी ट्राममध्ये आजींनी मला ओवीच्या गळ्यात घातलं. ती जर्मनमध्ये नको नको करत किंचाळलीच, "नाइन! ड्युसेलडॉर्फ!"

"आई, हे समोरच्या टीमचे रंग गं," जयंत हळूच म्हणाला.

आजींचा चेहरा एवढासा झाला. "आण इकडे. उद्या उसवते." त्यांनी मला स्वतःच्याच गळ्यात गुंडाळलं. उसवते म्हणे! माझा एकेक टाका थरथरायला लागला.

स्टेडियममध्ये आमच्या चहूबाजूंना नुसतं लाल-पांढरं. त्यात पाऊस. मी भिजून जड झालो, पण लक्ष कुठं लागतंय! पुढच्या रांगेतला दाढीवाला सारखा वळून माझ्याकडे बघायचा. ओवीचे कान लाल व्हायचे. ठरलेल्या वेळेत बरोबरी झाली, जादा वेळ सुरू झाला, जयंत कॉफी आणायला गेला आणि तेवढ्यात ड्युसेलडॉर्फनं गोल मारला. जादा वेळेत पहिला गोल करणारा जिंकतो. संपलं! समोरच्या बाजूला लाल-पिवळी माणसं उड्या मारायला लागली.

दाढीवाला वळला. माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी तडतडला. या मफलरमुळेच हरलो, असं म्हणाला मेला.

"काय म्हणाला गं तो?" आजींनी विचारलं.

दुभाष्या नव्हता. ओवीनं इकडेतिकडे पाहिलं. मग शब्द शोधत शोधत म्हणाली, "आजी, तो म्हणते... मफलर छान आहे."

आजी बघतच राहिल्या. "पण तुला नाही ना आवडला? उद्या उसवते की."

"नको! उसवू नको." तिनं मला आजींच्या गळ्यातून ओढून घेतलं. "माझी आहे."

माझी काय, माझा म्हण! पण त्या क्षणी मी कशाला चुका काढतोय! आजी पदरानं डोळे पुसत होत्या, मी ओवीच्या मानेला बिलगलो होतो.

आजी सांगलीला परतल्या. रविवारी फोनवर ओवी त्यांच्याशी मोडकंतोडकं बोलते, आजी प्रत्येक चूक गोड मानून घेतात. मी दाराजवळच्या खुंटीवर असतो. हॉकीला जाताना ओवी मला कधी विसरत नाही, फक्त जॅकेटच्या आत घालते आणि चेन पार हनुवटीपर्यंत ओढते. आत माझा जीव घुसमटतो. तिच्याकडे माझं एकच मागणं आहे. ओवी, चेन बोटभर खाली घे गं बाई. पिवळं दिसू दे की!