मुक्या वर्षातला ट्रम्पेट

मित्रांनो, माझं तोंड जरासं वाकडं आहे, अंगावर पोचे आहेत, तरी मी स्वतःला देखणाच समजतो. मी जुना पितळी ट्रम्पेट आहे. मेरठच्या कारखान्यात घडलो आणि कल्याणच्या बाजारातून व्हॅलेंटाईनबाबांनी मला ठाण्याच्या खाडीकाठच्या या गावठाणात आणलं. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा अँब्रोज मला फुंकू लागला. काय दम होता माणसाचा! लग्न असो की मयत, बँडच्या पुढे आम्ही दोघं. "अँब्रोजने वाजवलं की म्हाताऱ्यासुद्धा नाचतात," असं लोक म्हणायचे, आणि मी नुसता फुगून जायचो.

मग दोन हजार वीस साल आलं. मार्चमधल्या एका संध्याकाळी सगळ्या देशाने थाळ्या वाजवल्या, तेव्हा अँब्रोजने ओट्यावर उभं राहून मला असं फुंकलं की पलीकडच्या टॉवरवाल्यांनी टाळ्या पिटल्या. दोनच दिवसांनी अख्खा देश दाराआड गेला. लग्नं थांबली, मयतीला माणसं जमेनात, बँड मुका झाला. हायवेवरून डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं आपापल्या मुलुखाला चालत निघाली. अँब्रोजची बायको मर्सी त्यांना पाव-पाणी द्यायची आणि घरी येऊन दाराच्या कडीपासून माझ्यापर्यंत सगळं साबणाने धुवायची. माझी बटणंच अडकली हो!

कपाटात पडून मी स्वप्नं बघायचो. स्वप्नात गल्लीभर पताका असायच्या, लुगड्यांचे लाल काठ पाण्यासारखे हलायचे, आणि मला कुणी न फुंकताच मी वाजत राहायचो. जाग आली की बाहेर फक्त कावळे.

पावसाळ्यात अँब्रोजला ताप आला. पांढऱ्या झग्यांतल्या माणसांनी त्याला ॲम्ब्युलन्समधून नेलं. परत आला तो अर्धाच. ओट्याच्या पायऱ्या चढला तरी धापा टाकायचा. मर्सीने मला चादरीत गुंडाळून कपाटावर टाकलं. "याला हात लावलात तर बघा," असं तिने बजावलं. डिसेंबरात त्यांच्या मुलीचं, टान्याचं लग्न होतं, आणि अँब्रोजला एकच घोर लागला होता, उंबराच्या पाण्याचा.

आमच्या ख्रिस्ती वस्तीत लग्नाच्या आदल्या दिवशी घरची माणसं वाजतगाजत विहिरीवर जातात. तिथून आणलेल्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. ते उंबराचं पाणी. वाजंत्रीशिवाय ते पाणी या घरात कधी आलं नव्हतं, आणि त्या वर्षी बँड बोलवायची सोय नव्हती.

"डॅडी, मोबाईलवर लावू ना गाणं," टान्या म्हणाली.

"मेलेलो नाय मी अजून!" अँब्रोज ओरडला आणि लगेच खोकत खाली बसला. मग मर्सीचा इलाज चालला नाही. तिने मला खाली काढलं.

विहिरीपाशी त्याने मला ओठांना लावलं. नुसती हवा आली. पुन्हा फुंकलं, तर फुस्स. मी तरी काय करणार? माझ्यात माझा असा आवाज कुठे असतो! कळशा घेतलेल्या बायका गायच्या थांबल्या.

"संपलं गो मर्सी," तो म्हणाला. "माझ्यात काय राहिलं नाय."

मर्सीने मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. मास्क खाली केला. त्या वर्षी, मित्रांनो, कुणी कुणाच्या पेल्याला तोंड लावत नव्हतं. आणि या बाईने त्याच्या ओठांचा ओलावा पुसलासुद्धा नाही. तसंच तोंड लावून तिने जन्मात पहिल्यांदा मला फुंकलं.

म्हैस रेकावी तसा आवाज निघाला! कबुतरं उडाली. आणि मग अँब्रोज हसला. मान मागे टाकून, पोट धरून हसला. "थांब गो, पाणी नासेल!" म्हणत हसतच राहिला.

मर्सीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अहो," ती म्हणाली, "खोकला नाय आला तुम्हाला."

पाणी त्या बेसूर आवाजातच घरी आलं. मर्सी थकली की अँब्रोज थोडंसं फुंकायचा, तो थकला की मर्सी. माझी लाज गेली म्हणा, पण इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं वाद्य मुकं पडलं असेल, किंवा एखादं माणूस. ते पहिल्यासारखं वाजेल तेव्हा बघू, असं म्हणू नका. जवळ घ्या त्याला. आणि सूर लागो न लागो, फुंका.