रस्त्याकडची बाजू

आमच्या घरात सरडा आला तो शूर्दच्या निवृत्तीनंतर. आयुष्यभर दुधाचा टँकर घेऊन आमच्या अख्ख्या फ्रीसलँड प्रांतभर फिरलेला नवरा एकदम घरात बसला की काय होतं, ते बायकांना सांगायला नको. आधी त्याने माझी भांड्यांची कपाटं नव्याने लावली. मग मला बटाटे कसे सोलायचे ते शिकवायला लागला. त्यामुळे एका शनिवारी तो प्राण्यांच्या बाजारातून जाळीचा उंच पिंजरा, दिवे, झाडांच्या कुंड्या आणि रातकिड्यांचे डबे घेऊन आला, तेव्हा मी तोंडदेखलं ओरडले, पण मनात म्हटलं, सुटले बाई.

सरडा म्हणजे खरं तर सरडी. येमेनकडची, रंग बदलणारी जात. डोक्यावर उंच तुरा आणि दोन डोळे दोन दिशांना. एक माझ्या स्वयंपाकघरावर, दुसरा रस्त्यावर. मी तिचं नाव बाउक्ये ठेवलं. ते माझ्या सासूबाईंचं नाव. शूर्द आधी चिडला, मग पिंजऱ्यापाशी वाकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "अगदीच चुकीचं नाही."

पिंजरा अर्थातच पुढच्या खिडकीत. घरात जे चांगलं असेल ते तिथेच मांडायचं, मग ते चिनी मातीचे कुत्रे असोत नाहीतर सरडी. आणि खिडकीला पडदा नाही. आमच्या गल्लीत कुणाच्याच नाही. "पडदा त्यांना लागतो, ज्यांना काही लपवायचंय," असं सासूबाई म्हणायच्या, आणि त्यांच्यापुढे कोण बोलणार?

शूर्द तिच्यासाठी जीव टाकायचा. सकाळी उठल्या उठल्या पानांवर पाणी फवारायचा, कारण ती वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटते. रातकिडे कॅल्शियमच्या पुडीत घोळवून एकेक चिमट्याने समोर धरायचा. माझ्यासाठी या माणसाने कधी अंडं उकडलं नाही! एखादा किडा निसटला की माझ्या कपाटामागे बसून संध्याकाळभर किरकिरायचा.

वसंतात बाउक्येचा रंग बदलला. एरवीची पोपटी सरडी गडद हिरवी झाली आणि अंगभर निळे-पिवळे ठिपके उमटले. बघायला गल्ली लोटली. शेजारची वित्स्के तर सायकल थांबवून काचेला नाक लावायची. "काय खुललीय गं ही! शूर्द, तू खायला काय घालतोस हिला? मलाही दे थोडं."

शूर्द अभिमानाने फुगला. पण दोन-चार दिवसांत तिने खाणं सोडलं. जाळीवर वर-खाली करायची, कुंडीतली माती ओरबाडायची. मग शूर्दनेही जेवण सोडलं. शेवटी आम्ही तिला लेउवार्डनला, सरड्यांचं कळणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"पोटात अंडी आहेत," त्या म्हणाल्या.

"अहो, पण नर नाही आमच्याकडे."

"नर लागत नाही. अंडी होतातच. फोल असतात, त्यांतून काही निघत नाही. पण घालावी लागतात. अडकून राहिली तर ती मरेल."

"पण रंग बघा की हिचा," शूर्द म्हणाला. "किती मजेत दिसतेय."

"मजेत? 'माझ्या वाटेला जाऊ नका' असं सांगणारे ठिपके आहेत ते." मग त्यांनी नीट समजावलं. पिंजऱ्यात ओल्या वाळूची बादली ठेवा, पिंजरा झाका आणि बघू नका. कुणी बघतंय असं वाटलं तर ती खड्डा अर्धवट टाकून येते. असं फार वेळा झालं तर मग तिच्यात ताकद उरत नाही.

शूर्दने घरी येऊन बादली भरली, माझा चांगला टेबलक्लॉथ पिंजऱ्यावर टाकला आणि खोलीत चवड्यांवर चालायला लागला. वाळू उकरल्याचा आवाज आला. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. मग आवाज बंद झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खड्डा अर्धा, आणि बाई वर फांदीवर डोळे मिटून, कातडी सैल पडलेली. शूर्द पिंजऱ्यापाशी खाली बसला. "हिल्ट्ये, ही जाणार गं," एवढंच म्हणाला. मी फोन लावला.

"सगळ्या बाजूंनी झाकलंय ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो तर."

"पिंजरा ठेवलाय कुठे?"

"खिडकीत."

"मग खिडकीकडची बाजू?"

"तिचं काय?" मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता खिडकीकडे वळून पाहिलं. घराकडच्या तीन बाजू आम्ही नीट झाकल्या होत्या. रस्त्याकडची बाजू झाकायची असते, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिथे वित्स्के होती, पोस्टमन होता, शाळेतून परतणारी पोरं होती. बाउक्ये खणत होती आणि अख्खी गल्ली तिच्याकडे बघत होती.

मी पलंगावरची मोठी चादर काढली. शूर्द हातात हातोडी घेऊन नुसताच उभा.

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मार खिळा."

त्याने खिळे मारून चादर खिडकीवर ठोकली. खोलीत पिवळट अंधार झाला. लग्न करून मी या घरात आले तेव्हापासून ही खोली अशी कधी पाहिली नव्हती. मी सोफ्यावर बसले आणि मला रडू फुटलं. आवाज न करता, पण आवरेना.

आमचा मुलगा जन्मतःच गेला. त्या काळी असं बाळ आईला दाखवतही नसत. नर्सने कापडात गुंडाळून नेला, संपलं. घरी आल्यावर सासूबाईंनी माझे केस विंचरले आणि याच खिडकीत खुर्ची मांडली. "बस इथे. सगळं ठीक आहे हे दिसू दे लोकांना." मी बसले. जाणाऱ्या-येणाऱ्याला हात केला. वित्स्के तेव्हा नवी नवरी होती, म्हणाली होती, "काय छान दिसतेस गं!"

"बाउक्येसाठी रडतेस?" शूर्दने कुजबुजत विचारलं.

"बाळासाठी."

तो शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "टँकर गल्लीत वळला की तू खिडकीत दिसायचीस. हसून हात करायचीस. मला वाटायचं, हिने सावरलंय. आता आपण कशाला खपली काढायची? मी ड्राख्तेनच्या रस्त्यावर गाडी बाजूला लावून रडून घ्यायचो, आणि मग घरी यायचो."

"आणि मला वाटायचं, याला काही वाटतच नाही. मला का नाही बोललास?"

"तू हसत होतीस ना."

मला त्याला मारावंसं वाटलं. मी त्याचा हात घट्ट धरला. पलीकडे वाळू उकरल्याचा आवाज सुरू झाला. आम्ही तिकडे पाहिलं नाही. आवाज थांबेना. आम्ही तसेच बसून राहिलो, कॉफी गार झाली, आणि ती उकरत होती, उकरतच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाउक्ये वर आली. अंगभर वाळू, पोट खपाटीला, आणि रंग पुन्हा पोपटी. ती पानावरचं पाणी चाटायला लागली ती थांबेचना. मग शूर्दने धरलेला पहिला रातकिडा तिने असा ओढून घेतला की चिमटाच हातातून पडला. तो पोरासारखा हसला.

बादलीच्या तळाशी अंडी होती, पांढरी, मऊ. फेकून द्या म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. शूर्दने चमच्याने एकेक काढून वाडग्यात ठेवली आणि वाडगा घेऊन कचऱ्याच्या डब्यापाशी उभा राहिला. झाकण काही उघडेना त्याच्याने.

"मागे नेऊ या," मी म्हणाले.

नासपतीच्या झाडाखाली त्याने खड्डा केला. माती सारखी करता करता, वर न बघता म्हणाला, "मी मनात त्याला येल्मर म्हणायचो."

मी बाळाला मनातही काहीच म्हणत नव्हते. मला वाटलं होतं, न पाहिलेल्याला नाव ठेवता येत नाही. इतकी वर्षं माझ्या मुलाला नाव होतं आणि ते मला त्या दुपारी कळलं.

आम्ही हात धुतोय तोवर दारावर थाप. वित्स्के, हातात साखरेचा पाव. आमच्याकडे कुणी वारलं की त्या घरी नेतात तसा, रुमालात बांधलेला. चादर बघून काल गल्लीने आम्हा दोघांपैकी एकाला मारून टाकलं होतं म्हणे. मी तिला अंड्यांचं सांगितलं. ती पोट धरून हसली.

"म्हणजे झालं ना तिचं? मग काढा की ती चादर! गल्ली कशी आंधळी वाटतेय."

"तिचं झालं," मी म्हणाले.

शूर्द माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याने पाव घेतला, आभार मानले.

"आमचं व्हायचंय अजून, वित्स्के," तो म्हणाला आणि त्याने हळूच दार लावून घेतलं.