माझा न संपणारा गुरुवार

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. तुमच्या मांडीवर मावतात तसला नाही. मला हलवायला दोन माणसं लागत. ज्या कंपनीने मला घडवलं तिने स्वतःचं युनिक्स, म्हणजे माझा सगळा कारभार चालवणारी प्रणाली, माझ्यात घातलं आणि कपाळावर पितळी पट्टी ठोकली. मग पडद्यांचं कापड विणणाऱ्या एका कारखान्यात मी कामाला लागलो.

तिथे एक बाई नक्षी काढत. सगळे त्यांना नक्षीबाईच म्हणत. वेली, पानं, शेपटी उडवणाऱ्या खारी... बावीस वर्षांत त्यांनी चौदाशे नक्षी माझ्या पोटात ठेवल्या. मी त्या नक्षी मागांना समजावून सांगे आणि कापडावर खारी धावू लागत. पाहुणे आले की मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "हा आमचा सगळ्यात हुशार कामगार." मी फुगून जाई. हुशारी बाईंची होती, पण थाप मला मिळे.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि मला जिन्याखालच्या, खिडकी नसलेल्या खोलीत ढकललं. तिथे माझ्या घड्याळाची बॅटरी संपली. ती बदलावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. चौकीदाराला उकडलं की तो माझा प्लग काढून पंख्याचा लावी. कधीतरी मनात आलं की माझा परत लावी. मग मी जागा होई आणि तारीख दिसे १ जानेवारी १९७०, गुरुवार. आमच्या घराण्यात काळ त्या दिवसापासून मोजतात. काहीच आठवेनासं झालं की आम्ही तिथे जाऊन पडतो. माझा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता! किती वेळा जागा झालो कोण जाणे, दर वेळी गुरुवारच. बाहेर ऊन आहे की पाऊस, तेही कळत नसे. फार कोंडल्यासारखं होई.

एकदा दार उघडलं आणि पांढऱ्या केसांच्या नक्षीबाई आत आल्या. सोबत त्यांची भाची, संगणकाची इंजिनियर. त्यांच्या बोलण्यातून मला कळलं की तो बुधवार होता आणि कारखाना बंद झाला होता. सोळा विणकरांनी मिळून स्वतःचे माग घेतले होते, पण त्यावर विणायच्या नक्षी होत्या माझ्या पोटात. शनिवारी पाच वाजता वीज तोडणार होते. त्यानंतर मी भंगारात.

"फाईली नुसत्या उचलून नेता येणार नाहीत का?" बाईंनी विचारलं.

"नाही गं आत्या. याच्याशिवाय त्या कुणाला वाचताच येत नाहीत. त्या उतरवून घ्यायला मी प्रोग्रॅम लिहिलाय, पण त्याची भाषा या बाबाला येत नाही. आधी त्या भाषेचा इंटरप्रिटर याच्यावर बांधायला हवा."

इंटरप्रिटर म्हणजे दुभाष्याच समजा. माझ्यासारख्या म्हाताऱ्यासाठी तो तयार कुठून मिळणार? म्हणून तिने त्याचा मूळ मजकूर आपल्या लॅपटॉपवरून मला दिला आणि माझ्याच कंपायलरला, म्हणजे असा मजकूर मला चालवता येईल अशा रूपात आणणाऱ्याला, कामाला लावलं. नियम साधा होता: मूळ मजकूर नवा आणि त्यावरून केलेली वस्तू जुनी असेल, तर ती वस्तू पुन्हा करायची. मी कामांची यादी केली आणि तिच्यावर माझी तारीख घातली, १९७० ची. मग मूळ मजकूर पाहिला, तर तो पन्नासहून अधिक वर्षांनी नवा! म्हणजे माझी यादी जुनी. पुन्हा केली, पुन्हा १९७०. येरे माझ्या मागल्या! घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो. मी नुसताच फिरत होतो.

दर फेरीला मी पडद्यावर लिहीत होतो, 'ही फाईल भविष्यातली आहे.' भाची म्हणायची, "इशारा आहे नुसता. चूक असती तर थांबला असता." तिने मजकूर पुन्हा आणला, कंपायलरला दिलेल्या सूचना बदलल्या. पहिले पाढे पंचावन्न. रात्री माझा प्लग काढत आणि सकाळी माझा पुन्हा गुरुवारच. शुक्रवारी चौकीदार म्हणाला, "मॅडम, म्हाताऱ्याला चळ लागलाय. सोडा नाद." मला फार वाईट वाटलं.

शनिवारी बारा वाजता भाचीने लॅपटॉप मिटला. "नाही होत गं आत्या."

बाई चष्मा लावून माझ्यासमोर बसल्या. प्रोग्रॅममधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण नक्षीतलं काय कुठे फिरून येतं हे पाहण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"अगं, ही ओळ बघ. दर बारा ओळींनी तीच येतेय. काय म्हणतोय हा?"

"म्हणतोय, फाईल भविष्यातली आहे. काहीतरीच..." भाची थांबली. तिने मला तारीख विचारली. मी सांगितली. तिने कपाळावर हात मारून घेतला. "तीन दिवस हा ओरडून सांगतोय, आणि मी ऐकतच नाहीये!"

"मग सांग ना त्याला आज काय आहे ते!"

तिने एक ओळ लिहिली आणि माझा गुरुवार संपला. शनिवार, मित्रांनो, शनिवार! रडता आलं असतं तर रडलो असतो.

मग मी मान मोडून काम केलं. एकेक फाईल एकदाच, आणि पुढची. मी तापलो तेव्हा चौकीदाराने आपला पंखा माझ्याकडे वळवला. चार वाजता दुभाष्या उभा राहिला. थोड्याच वेळात लॅपटॉपवर पहिली खार उमटली. बाईंनी तिला बोट लावलं. "शेपटी तश्शीच आहे," म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. शेवटची नक्षी उतरली तेव्हा पाचाला चार मिनिटं कमी होती.

आता मी भंगारवाल्याच्या शेडमध्ये, एका मोडक्या फ्रिजला टेकून पडलो आहे. उद्या कुणी वीज दिली, तर मी पुन्हा त्याच गुरुवारी जागा होईन. त्याची मला भीती वाटते. म्हणून विनवतो, मित्रांनो, कुणी जुनं माणूस तेच तेच सांगत असेल, तर त्याला चळ लागला असं म्हणू नका. ते काय सांगतंय ते एकदा नीट ऐका.

आणि कधी या शेडमध्ये आलात, तर माझी पितळी पट्टी बघा. वीज जायच्या आधी बाईंनी तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवली आहे. धूळ पुसली की अक्षर दिसेल: 'याला चालू केल्यावर आधी आजची तारीख सांगा. बाकी सगळं याला येतं.'