चंद्रबागेतली माळीण

"थंड लागलं का गं?"

हा आवाज तिच्या कानात इतका जुना होता की, आधी तो आला की आधी आपण आलो, हे तिलाही सांगता आलं नसतं. डोळे घट्ट मिटलेले, मांडीवर नुकतंच फोडलेलं पाकीट, नव्या शाईचा किंचित आंबट वास आणि कानाशी बाबांचा आवाज. बघायचं नाही. आधी अंगठा फिरवायचा. साधं कार्ड अंगठ्याला कोमट लागे. चंदेरी वर्खाचं कार्ड मात्र पहाटेच्या खिडकीच्या काचेसारखं गार. पाकिटातली कार्डं एकेक करून अंगठ्याखालून सरकायची. कोमट, कोमट, कोमट. आणि एखाद्या भाग्याच्या दिवशी अंगठा जागच्या जागी थबकायचा.

"लागलं, बाबा! थंड लागलं!"

"मग उघड डोळे. पाहुणा आलाय."

त्या कार्डांच्या संचाचं नाव होतं 'चंद्रबाग'. एकाच हिवाळ्यात तो दुकानात आला, आणि मुलांनी नीट बोटं मोडून मोजायच्या आत संपलाही. पुन्हा कधी छापला नाही. साध्या संचातली वाघ-सिंहांची कार्डं पोतंभर मिळायची. चंद्रबागेचं एक मिळायला मात्र देव पाण्यात घालावे लागत. रात्रीची एक बाग आणि तिच्यात राहणारे चमत्कारिक जीव. कंदील घेऊन फिरणारा कोल्हा, तीन पंखांचं घुबड, तळ्याच्या तळाशी झोपलेली मांजर, स्वतःच्या सावलीवर बसून जेवणारा ससा. सगळी बाग निळी. निळ्याचे इतके प्रकार एका ठिकाणी पाहून बाबांसारखा माणूसही गप्प झाला होता.

बाबांसारखा म्हणजे, ते रंगाच्या दुकानात रंग जुळवायचे. कुणी बटण घेऊन येई, कुणी रिबिनीचा तुकडा, कुणी भिंतीचा पोपडा रुमालात बांधून आणी, आणि म्हणे, "अस्सा द्या." बाबा तो तुकडा उजेडात धरत, एक डोळा बारीक करत, डब्यात थेंब टाकत आणि ढवळत. भिंतीवर जुना रंग कुठे संपला नि नवा कुठे लागला हे पुढे घरमालकालाही सापडत नसे. रंगांना ते दुकानातली नावं देत नसत. त्यांची स्वतःची होती. ओल्या पाटीचा काळा. दुखऱ्या गुडघ्याचा जांभळा. आणि त्यांचा सगळ्यात लाडका: कानाच्या पाळीतून ऊन आरपार गेलं की दिसतो तो.

असा माणूस लेकीबरोबर पाकिटं फोडायला बसला, की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं! एक खार आणि एक खारीचा बाप!" खार कुठे काय दडवून ठेवते तशी लेक कार्डं दडवायची, म्हणून घरात तिचं नाव खारच पडलं.

प्रत्येक पाहुण्याला बाबा एक गाणं देत. जात्यावर दळताना बायका ओवी जोडतात तसं, बसल्या बसल्या. कोल्ह्याचं असं होतं:

कोल्हेदादा, कोल्हेदादा, हाती कंदील कशाला?
रात्र माझी भित्री बाई, सोबत करतो तिला.

आणि मांजरीचं:

तळ्यातळाशी निजली माऊ, पाणी तिचं पांघरूण
मासे सारे चवड्यावर, जाती हळूच दुरून.

एकेक करत, पुढे अदलाबदलीने, बाग भरत गेली. आई गेली, खार मोठी झाली, चित्रांना चौकटी करायच्या धंद्यात शिरली, गावात सगळे तिला फ्रेमवाली म्हणू लागले, तरी बाग भरतच होती. उरलं फक्त शेवटचं कार्ड. 'माळीण'. संचाच्या यादीत बाकी सगळ्यांची चित्रं होती, माळिणीच्या जागी मात्र नुसता कोरा चौकोन. ती कशी दिसते, दोघांनाही माहीत नव्हतं.

"तिचं गाणं करा ना," खार लहानपणी हट्ट करी.

"आधी येऊ तर दे. न आलेल्या पाहुण्याचं पान वाढू नये."

आता फोनवर कुठलंही चित्र बोटासरशी मिळतं. पण हातात येण्याआधी या शेवटच्या पाहुणीचं तोंड बघायचं नाही, हा घरचा नियम. माळीण कुठे पडद्यावर दिसणार असं वाटलं, की एवढी मोठी बाई हाताने पडदा झाकून घ्यायची. तिला कार्ड नुसतं मिळवायचं नव्हतं. तिला ते बाबांच्या शेजारी बसून, बाबांबरोबर पहिल्यांदा बघायचं होतं, आणि मग ते शेवटचं गाणं ऐकायचं होतं. अलीकडे याची घाई वाटू लागली होती. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

बाबांनी मागच्या हिवाळ्यात काम सोडलं. "आता यंत्र जुळवतं रंग," ते म्हणाले. "यंत्राशी कोण डोकं लावणार?" मग ते खिडकीशी बसू लागले, मांडीवर संचाची वही घेऊन. पानं उलटत आणि एकेका कार्डावरून अंगठा फिरवत. एकदा त्यांच्या एका पायात तपकिरी मोजा होता नि दुसऱ्यात हिरवा.

"बाबा, हे काय?"

"नवीन पद्धत आहे. तुम्हा म्हाताऱ्यांना कळायची नाही."

खार पोट धरून हसली होती. 

संग्राहकांचा बाजार वाचनालयाच्या तळघरात भरायचा. तिथे एक दातांचे डॉक्टर येत. सुटीच्या दिवशीही पांढरे हातमोजे घालूनच ते कार्डांना हात लावत, म्हणून त्यांचं नावच हातमोजे. त्यांच्याकडे माळीण होती, आणि त्यांना हवं होतं तीन पंखांचं घुबड. खारीकडे घुबडं दोन होती.

हातमोज्यांनी तिचं घुबड भिंगाखाली धरलं आणि त्यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा झाला. "हा खालचा कोपरा बघा. वर्ख पार उडालाय! तुमच्या घरात कार्डं जमवतात की कुरवाळतात?"

"कुरवाळतात," खार म्हणाली.

"मग माझी माळीण तुमच्या घरात द्यायची म्हणजे... पोरगी दिल्यासारखं वाटतंय मला." तरी घुबडाचा मोह सुटेना. शेवटी त्यांनी काळ्या मखमली पिशवीतून डबी काढायला घेतली.

"दाखवू नका!" खारीने डोळे मिटले. "तशीच द्या. पिशवीसकट."

"न बघता घेताय?"

"बघायला घरी माणूस थांबलंय."

हातमोज्यांनी पिशवी तिच्या हातावर ठेवली, पण सोडली नाही. "पारखून सीलबंद केलेली डबी आहे. जन्मात उघडायची नाही. उघडलीत तर ती माळीण राहील, पण माझ्यासारखं कुणी तिला दारात उभं करणार नाही. शब्द द्या."

"मी कशाला उघडू?" खार म्हणाली, आणि ते तिला त्या वेळी अगदी खरं वाटत होतं.

रविवारची सकाळ होती. ऊन खिडकीतून येऊन बाबांच्या गुडघ्यावर मांजरासारखं बसलं होतं. वही उघडी होती, शेवटच्या पानावरचा कोरा कप्पा वर. खार शेजारी पायावर पाय दुमडून बसली, लहानपणी बसायची तशी.

"बाबा, हात पुढे करा. पाहुणी आलीये."

बाबांचा चेहरा असा उजळला, की तिला वाटलं आपण एवढी वर्षं कार्ड नव्हे, हेच शोधत होतो.

"कोण? माळीण? चल, काहीतरीच! खरंच?"

"डोळे मिटा. मीही मिटते."

तिने चाचपडत डबी पिशवीतून काढली आणि त्यांच्या तळहातांवर ठेवली. मिटल्या डोळ्यांपुढे लालसर अंधार. आता ते विचारतील, थंड लागलं का. पण बाबांचा अंगठा डबीच्या जाड प्लॅस्टिकवरून फिरत राहिला. खसखस, खसखस. तो कुठेच थबकेना. प्लॅस्टिक ना गार असतं ना कोमट.

"हे काय आहे गं? काच?"

"डबी आहे. तिच्या आत आहे ती. उघडायची नसते."

"अस्सं." थोडं थांबून ते म्हणाले, "बरं, मग उघडू या डोळे."

त्यांनी डबी उचलली, खिडकीकडे धरली, नेहमीसारखी जराशी तिरकी केली. एक डोळा बारीक केला. "वा!" ते म्हणाले. "वा, खारे! काय निळा आहे! पाटीचा नाही, शाईचा नाही. दोघांच्या मधला. इतकी वर्षं वाट बघायला लावली ते उगीच नाही."

खारीने डोळे उघडले.

कार्डावर निळा नव्हता. कणभरही नव्हता. चंद्रबागेत पहाट झाली होती. सगळे जीव आपापल्या बिळात गेलेले, कोल्ह्याचा विझलेला कंदील फांदीला टांगलेला, आणि वाटेवर एक पाठमोरी बाई रिकामी झारी घेऊन घरी निघालेली. तिच्यावर, वाटेवर, झाडांच्या शेंड्यांवर एकच रंग सांडला होता. कानाच्या पाळीतून ऊन आरपार गेलं की दिसतो तो. बाबांचा सगळ्यात लाडका. निळ्या बागेच्या शेवटी कुणीतरी तोच ठेवला होता, आणि बाबा त्याला निळा म्हणत होते. आयुष्यभर कुणाच्या भिंतीला वेगळा ठिपका लागू न दिलेला माणूस.

तपकिरी मोजा, हिरवा मोजा. यंत्राशी कोण डोकं लावणार. वहीवरून फिरणारा अंगठा, ज्याला ती प्रेम समजत होती. आणि ते प्रेम होतंच, पण नुसतं प्रेम नव्हतं.

"गाणं सुचतंय," बाबा म्हणाले, आणि घाईने सुरू झाले, "निळ्या निळ्या बागेमध्ये... निळी माळीण..." आवाज पुढे जाईना. पाय टाकायला गेलं नि पायरीच नसावी, तसा तो हवेत राहिला. "जमेल. दोन घटकांत जमेल. तू चहा टाक."

खारीला वाटलं, हो म्हणावं. सुंदर निळा आहे म्हणावं, चहा टाकावा, वहीत डबी मावत नाही म्हणून हसावं. बाबा सुखाने फसवतायत, आपण सुखाने फसावं. मग बागेतली ही एकुलती एक पहाट जन्मभर रात्रच राहील. आणि बाबा त्या रात्रीत एकटे.

"द्या बरं जरा इकडे," ती म्हणाली.

चौकटींचं सामान मागच्या खोलीतल्या टेबलावर होतं. तिने डबी शिकंज्यात धरली, सांध्यावर पातळ पटाशीचं टोक टेकवलं. हातमोजे आत्ता इथे असते तर त्यांना कांदा हुंगवावा लागला असता. तिने पटाशीवर एकच ठोका घातला. कट्.

बाहेरच्या खोलीत बाबांची खुर्ची करकरली. हा आवाज कसला, हे ओळखायला त्यांना डोळे लागत नव्हते.

ती परत आली तेव्हा ते ताठ बसले होते, हात मांडीवर, शाळेत नाव पुकारायच्या आधी मुलं बसतात तसे. ती त्यांच्या पायाशी खाली बसली. त्यांचा उजवा हात उघडून तिने त्यावर कार्ड ठेवलं. उघडं. नुसतं.

अंगठा कोपऱ्यावरून निघाला. वाटेवरून चढला. फांदीपाशी आला, झारीपाशी आला आणि थबकला.

"थंड आहे," बाबा हळूच म्हणाले.

"हं."

"डबी फोडलीस."

"फोडली."

"तो डॉक्टर तुझे दात काढील."

"काढू दे. अक्कलदाढ तशीही आलेली नाही मला."

बाबा हसले. हसता हसता त्यांचा दुसरा हात हवेत तिचं डोकं शोधू लागला. आधी कान सापडला, मग केस. उन्हात तिच्या कानाची पाळी पेटल्यासारखी झाली होती. ते त्यांच्या बोटांना कसं कळावं! पण बोटं तिथेच थांबली. अंगठा माळिणीच्या पाठीवरून खाली-वर, खाली-वर फिरत होता, झोप न येणाऱ्या मुलाला थोपटावं तसा.

"आकार हलतात नुसते," ते म्हणाले. "धुक्यात हलावेत तसे. आधी हिरवा गेला, मग लाल. गेल्या हिवाळ्यात एकाच्या भिंतीला मी भलताच रंग दिला, नि तो बिचारा भला माणूस, काही बोलला नाही. तेव्हाच उठलो मी दुकानातून. लोकांना सांगायला लाज नव्हती गं. तुला कसं सांगायचं, तेच जमेना. प्रत्येक वेळी तू म्हणायचीस, बाबा, बघा."

खारीने त्यांच्या गुडघ्यावर गाल टेकवला.

"खारे," बाबा म्हणाले, "मला दिसत नाही. गाणं मी करतो. रंग तू सांग."