अर्ध्या वाक्याने सुरू झालेली पुरवणी

मित्रांनो, परीक्षेच्या शेवटच्या वीस मिनिटांत हात वर करून ज्यांनी मला मागितले असेल, त्यांना माझी ओळख वेगळी करून द्यायला नको. मी एक जुनी पुरवणी आहे. चार पाने, डाव्या कोपऱ्यात एक भोक आणि उजव्या कोपऱ्यात छापलेला एक आकडा, एवढाच माझा संसार. माझ्यावर कुणी आपले नाव लिहीत नाही, तशी मनाईच आहे. मुख्य उत्तरपत्रिकेला आम्ही थोरली म्हणतो. तिला जाड कव्हर, कव्हरवर चौकटी आणि चौकटींत गुण. आमच्या वाट्याला हातभर पांढरा दोरा.

छापखान्यात माझ्यावर निळ्या रेघा मारल्या तेव्हा मला गुदगुल्या झाल्या होत्या, बालपणाचे तेवढेच आठवते. नंतर वर्षभर मी एका कपाटात खडूंच्या खोक्याखाली पडून होते. आमच्यातल्या कितीतरी जणी तशाच कोऱ्या राहून पिवळ्या पडतात. त्यामुळे एका सकाळी पर्यवेक्षक बाईंनी मला उचलले तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात निघाले.

तो पेपर पशुवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाचा होता. विषय औषधशास्त्र. खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीने हात वर केला होता. तिच्या मधल्या बोटावर शाई होती आणि कपाळावर आठ्या.

"दहाच मिनिटं राहिलीत," बाई म्हणाल्या.

"पुरतील मला," ती म्हणाली, आणि तिने मान वरही केली नाही.

सहाव्या प्रश्नाचे उत्तर लिहिता लिहिता तिची थोरली संपली होती. तीही वाक्याच्या मधोमध. थोरलीची शेवटची ओळ होती, 'हे औषध गाईला देण्यापूर्वी ती गाभण'. बस, तेवढीच. उरलेले वाक्य माझ्या पहिल्या ओळीवर आले. तेव्हा मला जरा वाईटच वाटले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही लिहावे आणि ते असे धड ना सुरुवात, ना शेवट. पण ती भराभर लिहीत गेली आणि माझी अडीच पाने भरली. घंटा झाली तशी तिने दोरा ओवला आणि दुहेरी गाठ मारली. तिची आई शिवणकाम करायची, ती गाठ आईने शिकवलेली. बाई उत्तरपत्रिका ओढून घेत होत्या. त्या ओढाताणीत एक गोष्ट राहून गेली. कव्हरवर 'जोडलेल्या पुरवण्यांची संख्या' अशी एक चौकट असते, ती कोरीच राहिली. आपले माणूस असले तरी खरे ते सांगावे. ती चूक तिचीच होती.

आमचा पंचवीस जणींचा गठ्ठा एका वयस्कर प्राध्यापकांकडे तपासायला गेला. असा परीक्षक मिळायला भाग्य लागते. ते एक उत्तरपत्रिका घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासत नसत. आधी पंचवीस जणींचा पहिला प्रश्न, मग पंचवीस जणींचा दुसरा. म्हणजे सकाळी ताजेपणी तपासलेल्याला जास्त आणि दुपारी कंटाळून तपासलेल्याला कमी, असे होत नाही. त्यासाठी ते पुरवण्यांचे दोरे सोडून आम्हाला बाजूला एकीवर एक रचून ठेवत. माझी गाठ काही त्यांच्या नखांना दाद देईना. शेवटी त्यांनी कात्रीने दोरा कापला.

माझी पाळी आली तेव्हा त्यांनी माझी पहिली दोन वाक्ये वाचली, चष्मा वर सरकवला आणि पुन्हा वाचली. मग त्या वाक्यांखाली लाल रेघ ओढली, आणि उत्तराच्या शेवटी गोल करून ७ हा आकडा लिहिला. दहापैकी सात. शेजारच्या टेबलावरच्या प्राध्यापकांना ते म्हणाले, "ही पोरगी डॉक्टर होणार बरं का." मित्रांनो, एवढे कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आले नाही.

आणि लगेच माझे ग्रह फिरले. पुरवण्या परत बांधताना मी दुसऱ्या एका पुरवणीला खालून चिकटून होते. कागद पातळ, हात थकलेले. त्यांनी दोघींना एकच समजून उचलले आणि दुसऱ्याच एका मुलाच्या उत्तरपत्रिकेला बांधून टाकले. माझे सात गुणही त्याच कव्हरवर चढले. त्या मुलाने सहावा प्रश्न सोडूनच दिला होता, त्यामुळे त्याची चौकट आयती रिकामी होती. माझ्या थोरलीच्या कव्हरवर पुरवण्यांची संख्या नव्हती, म्हणून तिची पुरवणी कुठे गेली हे कुणी शोधले नाही. ज्या सवयीने त्यांनी मुलांना इतकी वर्षे न्याय दिला, त्याच सवयीने हा घोटाळा केला. मला त्यांचा राग आला नाही. मी फक्त परक्या घरी बांधली गेले होते आणि ओरडायला मला तोंड नव्हते.

निकाल लागला. पास व्हायला पन्नास हवे होते, मुलीला शेहेचाळीस पडले. त्या एका विषयात नापास म्हणजे चौथ्या वर्षाचे दार बंद. तिने गुणपडताळणीचा अर्ज केला. ऐकायला हा शब्द भारदस्त आहे, पण त्यात कव्हरवरच्या आकड्यांची पुन्हा बेरीज करतात, दुसरे काही नाही. बेरीज बरोबर होती. 'बदल नाही' असे दोन शब्दांचे उत्तर तिच्या घरी गेले.

मग एक दिवस ती उत्तरपत्रिका बघायला विद्यापीठाच्या रेकॉर्ड रूममध्ये आली. सोबत आई होती. कारकुनाने आमचा गठ्ठा टेबलावर ठेवला, वरून तिची थोरली काढून दिली आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला. मी त्याच गठ्ठ्यात, चार उत्तरपत्रिका खाली होते.

"माझी पुरवणी?" मुलीने शेवटचे पान उलटून विचारले.

"चौकट कोरी आहे. म्हणजे पुरवणी नाही," कारकून म्हणाला.

"अहो, हे वाक्य बघा ना, अर्धंच आहे. मी पुढे लिहिलंय."

"वेळ संपला असेल. पुष्कळांचं राहतं अर्धं."

मुलीचा चेहरा पडला. आई मात्र वाचत नव्हती. तिने थोरलीचा कोपरा डोळ्यांजवळ नेला होता. भोकात गाठीसकट दोऱ्याचा नखाएवढा तुकडा अडकलेला होता.

"दादा, हा दोरा सुटलेला नाही, कापलेला आहे," ती म्हणाली. "सुटलेल्या दोऱ्याचं टोक विसकटतं, हे बघा कसं सरळ आहे. आणि ही गाठ माझ्या लेकीची. पुरवणी नसलेल्या उत्तरपत्रिकेला गाठ कशाला मारेल कुणी?"

कारकून काही वाईट माणूस नव्हता. त्याने तो तुकडा पाहिला, खालीवर करून पाहिला, आणि म्हणाला, "ताई, मला दिसतंय. पण मला काही करता येत नाही. गठ्ठ्यातल्या बाकीच्या मला उघडता येत नाहीत." त्याने गठ्ठा उचलून फडताळात ठेवला. त्या दिवशी मी जितकी रडले तितकी कधीच रडले नाही. कागदाने रडू नये, शाई फुटते. म्हणून मी आतल्या आत रडले.

तीन महिन्यांनी गठ्ठा फडताळातून निघाला तो थेट न्यायालयात. मुलीने दावा लावला होता. तोवर न्यायालयाने तिला चौथ्या वर्षाच्या वर्गात नुसते बसायची परवानगी दिली होती, पण हजेरीपटावर तिचे नाव नव्हते. चौथ्या वर्षाच्या परीक्षेचा अर्ज भरायची मुदत त्याच संध्याकाळी पाचला संपत होती. आज निकाल लागला नाही तर वर्ष गेलेच म्हणून समजा.

बाहेरच्या बाकावर तोच कारकून आम्हाला मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या शेजारी मुलीची आई. म्हणजे माझ्यापासून ती वीतभर अंतरावर.

"माझा भाऊ रोज येऊन सांगतो," ती त्याला म्हणत होती, "ताई, पोरीला पुन्हा बसव परीक्षेला. विद्यापीठाशी भांडून कोण जिंकलंय? मी म्हटलं, भांडतंय कोण? आम्ही फक्त विचारतोय."

"आणि लेक काय म्हणते?"

"ती हल्ली काही म्हणतच नाही. वर्गात सगळ्यात मागे बसते. परवा मला विचारत होती, आई, खरंच लिहिलं होतं ना गं मी?"

कारकुनाचा हात आमच्यावरून उगाच फिरला.

आत विद्यापीठाचे वकील चांगले तास-अर्धा तास बोलले. पर्यवेक्षक बाईंच्या नोंदीत त्या मुलीला पुरवणी दिल्याचे लिहिले होते, एवढे त्यांनी मान्य केले. "पण दिली म्हणजे परत केली असं होत नाही," ते म्हणाले. "कदाचित तिने ती घरी नेली असेल." हे ऐकून मुलीने मान खाली घातली. मला इतका संताप आला की वाटले, माझा कोपरा गठ्ठ्याबाहेर आला असता तर बरे झाले असते. मला घरी नेले असते तर मी तिथे त्या खोलीत हजर कशी असते?

न्यायाधीशबाईंनी तोपर्यंत एकच गोष्ट हातात धरली होती, तो दोऱ्याचा तुकडा. "गठ्ठा उघडा," त्या म्हणाल्या.

"पण बाकीच्या विद्यार्थ्यांची गोपनीयता..."

"मला नावं नकोत, पानं हवीत. कव्हरवरचे क्रमांक झाकून ठेवा."

एकेक उत्तरपत्रिका निघू लागली. पहिली, दुसरी, तिसरी. पाचव्या उत्तरपत्रिकेला दोन पुरवण्या निघाल्या आणि चौकटीत संख्या होती एक. कारकुनाच्याच ते पहिल्यांदा लक्षात आले. तो म्हणाला, "मॅडम, ही एक जास्त आहे." माझ्यावरचा आकडा पर्यवेक्षक बाईंच्या नोंदीशी ताडून पाहिला. तोच होता.

"थोरलीची शेवटची ओळ वाचा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. खरे तर त्या 'थोरली' नाही, 'उत्तरपत्रिका' म्हणाल्या. पण मला तसेच ऐकू आले. मुलीच्या वकिलांनी वाचले, "हे औषध गाईला देण्यापूर्वी ती गाभण..." आणि ते थांबले. मग न्यायाधीशबाईंनी मला हातात घेतले आणि माझी पहिली ओळ स्वतः मोठ्याने वाचली.

"...आहे का, हे मालकाला विचारावे. मालक नाही म्हणाला तरी स्वतः तपासून पाहावे."

कित्येक महिन्यांनी ते वाक्य पुरे झाले होते. माझ्या नशिबी अर्धे वाक्य आले म्हणून मी एकेकाळी कुरकुरले होते, मित्रांनो. त्याच अर्ध्या वाक्याने मला माझे घर सापडले.

म्हातारे प्राध्यापक मागच्या रांगेत बसलेले होते. त्यांना साक्षीला बोलावले होते, पण ते कुणी नाव पुकारायच्या आधीच उठले. "ती लाल रेघ माझी आहे," ते म्हणाले. "आणि चूकही माझीच. दोरे मीच सोडतो." मग ते मुलीकडे वळून म्हणाले, "बाळ, मी तुला पास केलं होतं."

न्यायाधीशबाई विद्यापीठाच्या वकिलांकडे वळल्या. "मालक नाही म्हणाला तरी स्वतः तपासून पाहावे. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला हे कळतं. गुणपडताळणी करणाऱ्या एकालाही कळू नये?"

वकिलांनी कागद आवरायला घेतले.

शेहेचाळीस आणि सात, त्रेपन्न. मुलगी पास झाली. तिचे नाव चौथ्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून हजेरीपटावर घ्यावे आणि अर्ज आजच स्वीकारावा, असा हुकूम झाला. तेव्हा तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. त्या दुसऱ्या मुलाचे सात गुण कमी झाले, पण तो पास तो पासच राहिला. मला त्याचीही काळजी लागली होती, परका का होईना, त्याच्याकडे मी इतके दिवस राहिले होते. मागच्या बाकावर काढलेल्या त्या महिन्यांची भरपाई मात्र कुणाच्याच हुकुमात नव्हती.

आता मला थोरलीला पुन्हा बांधायचे होते. कारकून दोरा घेऊन पुढे आला, तेव्हा न्यायाधीशबाई म्हणाल्या, "थांबा. जिची आहे तिला बांधू द्या." मुलगी पुढे आली. दोरा काही केल्या भोकातून जाईना. आई जागेवरूनच म्हणाली, "टोक ओलं कर." तिने टोक ओठांना लावले, दोरा ओवला आणि दुहेरी गाठ मारली. मग ती तिथेच, सगळ्यांसमोर, थोरलीवर डोके टेकून रडली. तिचा एक अश्रू माझ्या तिसऱ्या पानावर पडला. तिथली शाई अजून पसरलेली आहे.

त्याला आता खूप वर्षे झाली. मी न्यायालयाच्या तळघरात एका फायलीत असते. ती पुढे डॉक्टर झाली का, मला ठाऊक नाही, इथे कुणाची पत्रे येत नाहीत. आमची मुदत संपली की आम्हाला नष्ट करतात आणि माझी संपत आली आहे. त्याचे मला फारसे दुःख नाही. मी एकटी जाणार नाही, थोरलीबरोबर जाईन.

जाण्याआधी तुमच्याकडे एकच मागणे आहे. पुरवणी बांधाल तेव्हा गाठ घट्ट मारा आणि चौकटीत आकडा लिहायला विसरू नका. आणि मोठे होऊन तुम्ही कधी टेबलाच्या पलीकडे, तपासणाऱ्याच्या जागी बसलात, तर समोर उभे राहून कुणी "मी लिहिलं होतं" म्हणेल. तेव्हा तुमचे सगळे कागद नाही म्हणत असले, तरी स्वतः तपासून पाहा. कुणी सांगावे, त्याचे उरलेले वाक्य चार उत्तरपत्रिका खाली, तुमच्या हाताशीच, वाट बघत पडलेले असेल.