मेंढरांची रेघ

माझ्या शून्याच्या बटणावरचा अंक डाव्या बाजूने झिजला आहे. उजवी कड तेवढी दिसते. मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे.

माझी पहिली वर्षे एका कार्यालयात गेली. तिथे माझ्या वेगाचे कौतुक होई. पुढे बॅटरी दम धरेना, तेव्हा मला कपाटात टाकले. मित्रांनो, टाकून दिलेल्या वस्तूत कुणाचे तरी काम शिल्लक असते. तिला इतक्या लवकर विसरू नका. मला क्रांती चौकातल्या जुन्या लॅपटॉपच्या दुकानातून ज्ञानेश्वरीने घेतले.

ती मेंढपाळाची मुलगी. संख्याशास्त्र शिकून बजाजनगरात खोली घेऊन राहिली. तिला डेटा विश्लेषणाची नोकरी हवी होती. इंटरनेटवरच्या तयार आकड्यांवर तिने कितीतरी आलेख काढले. पण प्रत्येक मुलाखतीत तेच ऐकावे लागे, "हे तर सगळेच दाखवतात. तुमचं स्वतःचं काम कुठंय?"

म्हणून ती मला घेऊन गंगापूरजवळच्या आपल्या वस्तीवर आली. तिला घरच्या कळपाचा अभ्यास करायचा होता. हा कळप आता मोडावा, असे तिची आई दगडाबाई दर दिवाळीला म्हणे. तेव्हा वडील भिकन उठून बाहेर निघून जात.

"गणती करायची नाय," भिकन म्हणाले. "मेंढरं मोजली की नजर लागती."

"मोजत नाय, आबा. नुसती नावं सांगा."

दगडाबाई हसली. "लई शानी झाली! लिही. काळतोंडी. तिला दोन कोकरं, एक गेलं. मग बांडी..."

एकेका मेंढीची कहाणी ती सांगत गेली. जगलेली, मेलेली, विकलेली सगळी सालासह माझ्यात उतरली. संध्याकाळी ज्ञानेश्वरीने आलेख काढला.

भिकन जवळ येऊन वाकले. "ही रेघ कशाची?"

"आपल्या मेंढरांची. सालोसाल."

"लईच खाली आली की."

"व्हय, आबा." तिने माझ्या खोडायच्या बटणावर बोट ठेवले. "पुसून टाकू का?"

"कशाला? तुझ्या कष्टाचं काम हाय. नोकरीला दाखव."

आज ते बाहेर गेले नाहीत. दारातूनच वाघरीकडे, मेंढ्यांभोवतीच्या त्या जाळीकडे, बघत राहिले. आत एक कोकरू आईला ढुसण्या देत होते.

"ज्ञानूचे माय," ते म्हणाले, "येत्या बाजारी मेंढरं इकून टाकू."