केसरची ड्युटी

हवालदार बुधाजी नाखवा पेन्शन घेऊन उरणजवळच्या आपल्या कोळीवाड्यात परतला, तेव्हा त्याच्याबरोबर एक काळी ट्रंक आणि एक घोरणं आलं. ट्रंक माळ्यावर गेली. घोरणं मात्र सगळ्या आळीच्या मालकीचं झालं. न्हावा शेव्याच्या बंदरात लागलेल्या जहाजाचा भोंगा झाला की नवखा पाहुणा दचकायचा, आणि आळीतलं कुणीतरी त्याला समजावायचं की आमचा हवालदार निजलाय. बुधाजीला या चेष्टेचं काही वाटत नसे. उलट माणूस घोरतो म्हणजे त्याला गाढ झोप लागते, असं त्याचं ठाम मत होतं.

त्याच्या बायकोचं, केसरचं, मत वेगळं होतं. घोरण्याचा तिला त्रास नव्हता, घोरणं थांबायचं त्याचा होता. भरात आलेला आवाज एकदम बंद पडायचा आणि बुधाजीची छाती हलायची थांबायची. तेवढा वेळ केसरही श्वास धरून पडून राहायची. मग ती बरगडीत कोपर हाणायची, आणि बुडता माणूस वर यावा तसा मोठा श्वास घेऊन बुधाजी पुन्हा सुरू व्हायचा. सकाळी बरगडी चोळत तो विचारायचा, रात्री कुठं आपटलो का म्हणून.

इतकं झोपूनही दिवसा त्याला पेंग यायची ती निराळीच. पंगतीत हातातला घास हातात राहायचा. व्याह्यांशी बोलता बोलता मान छातीवर पडायची. तेही सगळ्यांनी हसण्यावारी नेलं असतं, पण मे महिन्यात तो भर उन्हात बोटीच्या सुकाणूवर पेंगला. धाकटा भाऊ विनेश पुढे जाळं आवरत होता. त्यानं मान वर केली तोवर बोट शेजारच्या सदाच्या डोल जाळ्यात घुसली होती. माणसं वाचली, जाळं फाटलं. तिघांनी मिळून ते शिवायला घेतलं आणि सदाही पुढे विसरला. केसर विसरली नाही.

"तू बरा झाल्याबिगर सुकानाला हात लावायचा न्हाय," तिनं सांगून टाकलं. "बरा झालास कं न्हाय ते मी सांगन."

बुधाजीच्या हे फार जिव्हारी लागलं. त्याचा बाप बोट चालवणारा तांडेल, आजा तांडेल. बर्फात आणि वाळवंटात नोकरी करताना त्यानं एकच स्वप्न पाहिलं होतं, की परत जाईन तेव्हा आपल्या बोटीचा तांडेल होईन. बोट विनेशच्या आणि त्याच्या नावावर होती, सुकाणू त्याच्या हातात होतं, आणि आता बायकोनंच त्याला खाली उतरवलं. मासेमारीची पावसाळी बंदी लागायला आली होती. बंदी उठून नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की बोटी निघणार, तोवर काय ते उरकायला हवं होतं.

म्हणून तो केसरला घेऊन माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात गेला. तिथे सगळे त्याला पॉलिक्लिनिक म्हणत. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं, तसा बुधाजी खुर्चीतून उठून सावधान उभा राहिला आणि म्हणाला, "कोई तकलीफ नहीं, सर."

यात त्याचा दोष नव्हता. फौजेत माणूस डॉक्टरसमोर जातो तो आजार सांगायला नव्हे, लपवायला. मेडिकलमध्ये 'शेप वन' मिळालं म्हणजे गडी नखशिखांत ठणठणीत. ते गेलं की बढतीही लटकली. अंगात ताप असताना छाती काढून उभे राहिलेले जवान बुधाजीनं पाहिले होते, आणि त्यातला एक तो स्वतः होता. केसर मागच्या खुर्चीवरून बोलली नसती तर डॉक्टरांनी त्याला शाबासकी देऊन घरी पाठवलं असतं. तिनं कोपरापासून सदाच्या जाळ्यापर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, म्हणून रात्रभर निजूनही झोप होत नाही. त्यांनी मुंबईच्या एका हॉस्पिटलात झोपेची तपासणी करायला लिहून दिलं.

बाहेर बाकावर दिवेआगरचे अण्णा भेटले. हवाई दलातून निवृत्त झालेले, घरची सुपारीची वाडी, आणि दोन वर्षांपासून त्यांच्याकडे श्वासाचं यंत्र होतं. यंत्र नाकाला लावलं की सोंड फुटल्यासारखं वाटतं, पण पुढे सोंडेवाचून झोप येत नाही, असं ते म्हणाले. वादळात वाडी झोपली आणि कितीतरी दिवस वीज आली नाही, त्या वर्षीचा धडा म्हणून यंत्रासाठी त्यांनी बॅटरीही घेऊन ठेवली होती. चकरा माराव्या लागतात, सह्या लागतात, पण मिळतं, असा त्यांनी धीर दिला. उठता उठता ते म्हणाले, "तुम्ही फक्त टेस्ट नीट द्या."

हे एक वाक्य बुधाजीनं गाठीशी बांधलं, आणि तिथेच घोळ झाला.

टेस्ट म्हटल्यावर तयारी आली. तो पहाटे उठून खाडीच्या बांधावर धावू लागला. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करू लागला. सुकट सोडली, ती का सोडली हे त्यालाही सांगता आलं नसतं. तपासणीच्या रात्री आश्लेषा नावाच्या तंत्रज्ञ मुलीनं त्याच्या डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावल्या, आणि बुधाजी कुशीवर वळून, डोळे मिटून, सकाळपर्यंत टक्क जागा राहिला. सीमेवर पहारा दिलेल्या माणसाला त्यात अवघड काय?

"एकदा पण घोरलो नाही," सकाळी त्यानं आश्लेषाला अभिमानानं सांगितलं.

आश्लेषानं पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "काका, तुम्ही झोपलातच नाही. अहो, या परीक्षेत नापास व्हायचं असतं."

पुढची तारीख आषाढातली मिळाली. घरी येऊन बुधाजीनं हा किस्सा चहा पिता पिता विनेशला रंगवून सांगितला. विनेश हसून हसून लोळायच्या बेतात आला. केसर हसली नाही. तिनं कपबशी खाली ठेवली.

"तू बॉर्डरवर व्हतास तवा मी झोपायची," ती म्हणाली. "लांब व्हतास, मना काय ऐकाया येत नव्हता. देवावर हवाला टाकून झोपायची. घरी आलास तवापासून मी झोपलीच न्हाय. तू कवा थांबशील ते ऐकत पडते. आन तू तिकरं जाऊन पास झालास."

विनेशचं हसू जागच्या जागी मावळलं. बुधाजी इतके दिवस समजत होता की सुकाणू गेलं ते सदाच्या जाळ्यापायी. बायको त्याच्या उशाशी पहारा देतेय हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि तिच्याविषयी माया दाटून आली. म्हणून तो उठून कपबशा विसळायला गेला.

दुसऱ्या खेपेला केसर सोबत होती. बुधाजीनं यावेळी झकास नापास व्हायचं पक्कं ठरवलं होतं, पण झोप काही येईना. वायरी लावलेलं डोकं घेऊन तो उठून बसला आणि आश्लेषाला म्हणाला, "बेटी, बदली आल्याशिवाय गार्ड पोस्ट सोडत नाही. ही बाई रोज माझ्यावर पहारा देते. आज पण मी झोपलो की ती जागी राहणार. तिची ड्युटी कोण घेणार ते सांग."

आश्लेषाला आधी हसू आलं. मग तिनं केसरकडे बघितलं आणि ती नीट उभी राहिली. "आजची ड्युटी माझी, काका. काकू, तुम्ही पण पडा जरा."

त्या रात्री बुधाजी असा घोरला की शेजारच्या खोलीतला पेशंट तक्रार करायला आला. निकाल पाहून डॉक्टरांनी भुवया वर केल्या. एवढं वाईट क्वचितच बघायला मिळतं, असं ते म्हणाले, आणि बुधाजीनं त्यांना मोठ्या आशेनं विचारलं की आपल्या रेजिमेंटमधला कुणी याच्या पुढे गेलाय का.

मग सह्या झाल्या, दोन-तीन चकरा झाल्या, आणि यंत्र घरी आलं. नळी आणि मास्क पाहून आळीत बातमी पसरली की हवालदाराला ऑक्सिजन लावला. बायका डोळे पुसत शहाळी घेऊन आल्या, आणि बुधाजीनं ती सगळी पिऊन टाकली. पुढच्या काही दिवसांत त्याचं डोकं हलकं झालं. पेंग गेली. ग्रामसभेत सरपंचांचं भाषण त्यानं पहिल्यांदाच पुरतं ऐकलं आणि पूर्वी आपण काहीच गमावलं नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं.

आपण आता शेप वन आहोत, असं त्यानं केसरला जाहीर केलं. केसरनं मान हलवली. कारण अडचण आता उलटी झाली होती. घोरणं गेलं आणि घरात शांतता आली. शांतता म्हणजे श्वास अडला, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की ती पहिल्यापेक्षा जास्त वेळा उठायची आणि कोपर हाणायची. मास्कच्या आतून आवाज यायचा, "जिता हाय."

"मना काय ऐकाया येत न्हाय," ती म्हणायची. "मी कशी सांगू तू बरा हायस?"

पहिल्यांदाच बुधाजीनं वाद घातला नाही. यंत्रानं त्याचा श्वास सांभाळला होता, पण तिला कुणी बदली दिली नव्हती. तो रोज दुपारी, चांगल्या उजेडात, पडवीत चटई टाकून मास्क लावून पडू लागला. केसर शेजारी जाळं शिवत बसायची. छाती वर जाते, खाली येते, हे तिला नुसतं बघू दे, एवढाच त्याचा हेतू होता. ती अधूनमधून सुई ठेवून त्याच्या छातीवर हात टेकायची. पुढे हात टेकणं कमी झालं. काही दिवसांनी ती शिवता शिवता आळीतल्या सुनांच्या भांडणाच्या गोष्टी सांगू लागली, आणि तो झोपलाय हे तिला मध्येच आठवायचं. पण सुकाणूचं नाव तिनं काढलं नाही.

नारळी पौर्णिमा आली. नारळ वाहिला, नाचून झालं, तरी केसरनं काही सांगितलं नाही. बुधाजीनंही विचारलं नाही. पहाटे निघायचं तर सुकाणू आपण धरू, असं विनेशनं खाली मान घालून सांगितलं, आणि बुधाजी बरं म्हणाला. जाळं ओढायला तर जाता येईल, अशी त्यानं मनाची समजूत घातली, पण समजूत काही पटत नव्हती.

पहाटे फटफटलं तेव्हा त्याला जाग आली. त्यानं मास्क काढला, यंत्र बंद केलं आणि कोपराची वाट पाहिली. कोपर आलं नाही. केसर भिंतीकडे तोंड करून, तोंड उघडं टाकून निजली होती. तिचा एक हात चटईबाहेर पडला होता आणि ती बारीक घोरत होती. मोसमाच्या पहिल्या पहाटे धक्क्यावर सगळ्यांच्या आधी पोचणारी ही बाई, आज उजाडलं तरी तिला पत्ता नव्हता. बुधाजी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग तो चपला हातात घेऊन बाहेर पडला आणि त्यानं दार हलकेच लोटलं.

धक्क्यावर बायका जमल्या होत्या. बोटींची इंजिनं सुरू झाली होती. विनेश सुकाणूशी बसला होता. त्यानं भावाच्या मागे पाहिलं.

"वैनी कुठं हाय?"

"झोपलेय."

एक बाई केसरला हाक मारायला वळली, तशी विनेशनं हात करून तिला थांबवलं. मग तो उठला, भावाला जागा करून दिली आणि पुढे जाऊन दोर सोडू लागला.